‘मिसलीड’ या क्रियापदात हेतू गृहीत असतो का? – अर्थ, छटा आणि वापर (एका चर्चाधाग्यातील मते; प्रत्येक मताच्या आधी सदस्याचे टोपणनाव आहे)

अर्थछटा:

इंग्रजीतील ‘मिसलीड’ या क्रियापदाचा अर्थ विचारला, तर बहुतेक जण ‘दिशाभूल करणे’ असे सांगून मोकळे होतात. ते उत्तर चुकीचे नाही. भलत्या वाटेने नेणे ही इंग्रजी शब्दाची घडण आणि दिशा चुकवणे ही आपल्या शब्दाची घडण, या दोन्ही इतक्या जवळच्या आहेत की पुढे काही विचारावे असे वाटतच नाही. परंतु बातम्या, न्यायालयीन निकाल किंवा संसदीय कामकाजाचे वृत्तान्त मराठीत आणताना हा शब्द वारंवार अडतो, कारण ज्या वाक्यात इंग्रजी लेखकाने मोठ्या काळजीने आरोप टाळलेला असतो, त्याच्या मराठी रूपात तो आरोप आपोआप येऊन बसतो.

म्हणून तीन प्रश्न मांडते. मिसलीड करणाऱ्याचे बोलणे खोटे असावे लागते का? त्याचा तसा हेतू असावा लागतो का? आणि समोरच्याची समजूत प्रत्यक्षात चुकावी लागते का, की नुसता प्रयत्न पुरेसा असतो?

माझे मत असे की पहिल्या दोन प्रश्नांचे उत्तर ‘नाही’ आहे आणि तिसऱ्याचे ‘होय’. ‘द मॅप मिसलेड अस’ हे इंग्रजीत अगदी सहज वाक्य आहे. नकाशाला हेतू नसतो, आणि तो जुना झालेला असेल तर त्याला खोटेही म्हणता येत नाही; तरीही तो मिसलीड करतो, कारण त्याच्यावर विसंबणाऱ्याची समजूत चुकते. म्हणजे हे क्रियापद बोलणाऱ्याच्या मनात डोकावत नाही आणि त्याचे शब्दही तपासत नाही. ऐकणाऱ्याची समजूत काय झाली, एवढेच ते पाहते. ‘लाय’ या क्रियापदाचे याच्या नेमके उलट आहे. तेथे सगळे लक्ष बोलणाऱ्याकडे असते आणि ऐकणाऱ्याने विश्वास ठेवला की नाही याला महत्त्व नसते.

जाणकारांनी उदाहरणांसह मत द्यावे. मराठी प्रतिशब्दांबद्दलही बोलू, पण आधी मूळ शब्दाचा अर्थ निश्चित झाला तर बरे.

तळटीप:

शब्द फार जुना आहे. प्राचीन इंग्रजीत ‘मिसलॅडन’ अशा रूपात तो सापडतो आणि त्या काळापासून त्याचे दोन अर्थ शेजारीशेजारी चालत आले आहेत: खऱ्याखुऱ्या वाटेवर भलतीकडे नेणे आणि आचार-विचारांत भलतीकडे नेणे. आज पहिला अर्थ जवळजवळ मावळला आहे. वाटाड्याने चुकीच्या रस्त्याने नेले तर आजचा इंग्रज बहुधा दुसरेच क्रियापद वापरील. शेक्सपिअरच्या काळात मात्र तो जिवंत होता. ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’ या नाटकात पक नावाच्या खोडकर वनभुताची ओळख करून देताना एक परी विचारते की, रात्रीच्या वाटसरूंना मिसलीड करून त्यांच्या फजितीवर हसणारा तो तूच ना? तेथे हे क्रियापद शब्दशः पायवाटेविषयी आहे. आपल्याकडे ‘चकवा लागणे’ म्हणतात त्याच्याशी हे तंतोतंत जुळते, आणि ‘चकवणे’ हे क्रियापदही त्याच वाटेने अलंकारिक अर्थाकडे आले असावे असे वाटते. अर्थात हा माझा तर्क आहे.

दुसरा, नैतिक अर्थ अजून टिकून आहे. ‘ही वॉज मिसलेड बाय बॅड कंपनी’ या वाक्यात कोणी कोणाला चुकीची माहिती दिलेली नाही. वाईट संगतीने तो बिघडला, एवढेच म्हणायचे आहे. येथे ‘दिशाभूल’ शब्द घातला तर अर्थ बदलतो. ‘वाहवत नेणे’ किंवा ‘आडमार्गाला लावणे’ हेच चांगले.

विरामचिन्ह:

उच्चाराचा एक मुद्दा येथेच नोंदवून ठेवतो. या क्रियापदाचा भूतकाळ ‘मिसलेड’ असा असून त्याच्या स्पेलिंगमधून ‘ए’ हे अक्षर गळते. पुष्कळ लोक ते तसेच ठेवतात, कारण ‘रीड’ क्रियापदाचे स्पेलिंग भूतकाळात बदलत नाही आणि शिसे या धातूचे ‘लेड’ हे नाव ‘ए’सह लिहूनही ‘लेड’ असेच उच्चारले जाते. दुसरी गंमत वाचकांची आहे. छापील शब्द पाहून त्याचा उच्चार ‘मायझल्ड’ असा मनात धरणारे इंग्रजी मातृभाषक इतके आहेत की, ‘मायझल’ नावाचे स्वतंत्र क्रियापदच अस्तित्वात आहे आणि त्याचा अर्थ कपटाने फसवणे असा आहे, अशी समजूत त्यांच्यात वर्षानुवर्षे टिकते. दिशाभूल करणाऱ्या शब्दानेच वाचकाची दिशाभूल करावी, यात एक न्याय आहे.

ऊहापोह:

अर्थछटा, तुमचे तिसरे उत्तर मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, म्हणून त्याची कसोटी देतो. ‘आय लाइड टु हिम, बट ही डिडन्ट बिलीव्ह मी’ हे वाक्य निर्दोष आहे. मी खोटे बोललो, त्याने विश्वास ठेवला नाही, तरी माझे खोटे बोलणे घडून गेले. आता ‘आय मिसलेड हिम, बट ही वॉजन्ट टेकन इन’ हे वाक्य पाहा. त्याचा दुसरा भाग पहिल्याला खोडून काढतो, कारण तो फसलाच नसेल तर मिसलीड करणे घडलेच नाही. फार तर तसा प्रयत्न घडला, आणि तसे असेल तर ‘ट्राइड टु मिसलीड’ असे म्हणावे लागते. ‘पटवणे’ हे आपले क्रियापद असेच आहे. समोरच्याला पटले नाही तर मी त्याला ‘पटवले’ असे म्हणता येत नाही, ‘समजावले’ असे म्हणता येते.

मात्र हा नियम क्रियापदापुरता आहे. ‘मिसलीडिंग’ हे विशेषण त्यातून सुटते. एखादी जाहिरात कोणीही वाचली नसेल, तरी ती ‘मिसलीडिंग’ असू शकते, कारण विशेषण घडलेली गोष्ट सांगत नाही, अंगची प्रवृत्ती सांगते. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने फसव्या व्यापारी वर्तनाबाबत 1983 मध्ये जे धोरण जाहीर केले, त्यात कसोटी अशी ठेवली आहे की परिस्थितीनुसार समंजसपणे वागणाऱ्या ग्राहकाला मिसलीड करण्याची शक्यता त्या विधानात, वर्तनात किंवा मौनात आहे का. प्रत्यक्ष कोणी फसले का, हा प्रश्न तेथे विचारलेला नाही. शिवाय ‘मौन’ हा शब्द महत्त्वाचा आहे. काहीच न सांगता मिसलीड करता येते, पण काहीच न सांगता ‘लाय’ करता येत नाही.

समासचिन्ह:

अर्थछटा यांच्या दुसऱ्या उत्तराशी मी सहमत नाही. नकाशाचे उदाहरण पटण्यासारखे असले तरी ते निर्जीव वस्तूचे आहे, आणि निर्जीव वस्तूंबद्दल आपण अनेक क्रियापदे लाक्षणिक अर्थाने वापरतो. कर्ता माणूस असला की चित्र बदलते. ‘यू मिसलेड मी’ असे कोणी तोंडावर म्हणाले, तर ऐकणारा ते वाक्य माहिती म्हणून ऐकत नाही, आरोप म्हणूनच ऐकतो, आणि त्याचे पहिले उत्तर ‘माझा तसा हेतू नव्हता’ असेच असते. हेतू गृहीत नसता तर तो नाकारण्याची घाई कोणी केली असती का?

सनदशीर:

समासचिन्ह, तुमचा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे सर्वांत स्पष्ट उत्तर ब्रिटिश संसदेत मिळते, कारण तेथे या एका क्रियापदावर मंत्र्यांची पदे अवलंबून असतात.

सभागृहाने 19 मार्च 1997 रोजी मंत्र्यांच्या उत्तरदायित्वाविषयी जो ठराव केला, त्यानुसार जो मंत्री संसदेला ‘नोइंग्ली’ म्हणजे जाणूनबुजून मिसलीड करील, त्याने पंतप्रधानांकडे राजीनामा देणे अपेक्षित आहे. अनवधानाने चूक झाली असेल तर ती पहिल्या संधीला दुरुस्त केली म्हणजे पुरे. क्रियापदात हेतू आधीच असता, तर ‘नोइंग्ली’ हा शब्द लावण्याचे कारण नव्हते. ‘नोइंग्ली मर्डर’ असे कोणी लिहीत नाही. क्रियाविशेषण लावावे लागते, याचाच अर्थ क्रियापदात ती जागा रिकामी आहे.

या रिकाम्या जागेवरून किती मोठा वाद होऊ शकतो, ते 31 जानेवारी 2022 रोजी दिसले. कोविडकाळातील निर्बंध मोडून पंतप्रधानांच्या कार्यालयात झालेल्या मेजवान्यांवर चर्चा सुरू असताना स्कॉटिश नॅशनल पार्टीचे संसदेतील गटनेते इयन ब्लॅकफर्ड यांनी पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनी सभागृहाला मिसलीड केल्याचा आरोप केला. एका सदस्याने दुसऱ्यावर हेतुपुरस्सर दिशाभुलीचा आरोप रीतसर प्रस्तावाशिवाय करू नये, असा तेथील प्रघात आहे. सभापतींनी त्यांना ‘इनॅड्व्हर्टन्टली’, म्हणजे अनवधानाने, हा एक शब्द जोडण्यास वारंवार सुचवले. ब्लॅकफर्ड यांनी तो स्पष्टपणे जोडला नाही आणि त्यांना सभागृहाबाहेर जावे लागले. क्रियापद तेच होते. वाद होता तो शेजारच्या शब्दाचा.

पुढे 2023 मध्ये विशेषाधिकार समितीपुढे जॉन्सन यांनी लेखी निवेदन दिले, आणि आपल्या धाग्याच्या दृष्टीने ते मोलाचे आहे. आपल्या विधानांमुळे सभागृह ‘वॉज मिसलेड’, हे त्यांनी मान्य केले. मात्र ती विधाने प्रामाणिक समजुतीने केली होती, असा बचाव मांडला. म्हणजे परिणाम मान्य आणि हेतू अमान्य, आणि हे दोन्ही एकाच क्रियापदाच्या मदतीने. समितीने 15 जून 2023 च्या अहवालात तो बचाव फेटाळला आणि ‘डेलिबरेटली मिसलेड’ असा निष्कर्ष काढला. चार दिवसांनी सभागृहाने 354 विरुद्ध 7 मतांनी तो अहवाल स्वीकारला. ‘मिसलेड’ या शब्दाबद्दल दोन्ही बाजूंचे एकमत होते, सगळी लढाई ‘डेलिबरेटली’वर झाली.

जुने उदाहरणही पाहण्याजोगे आहे. युद्धमंत्री जॉन प्रोफ्युमो यांनी 5 जून 1963 रोजी राजीनामा दिला. त्यांच्या पत्रात आपले विधान खरे नव्हते आणि त्यातून आपण पंतप्रधानांना, सहकाऱ्यांना व सभागृहाला ‘मिसलेड’ असे ते लिहितात. परंतु स्वतःच्या कृत्याला नाव देण्याची वेळ येते तेव्हा ते ‘डिसेप्शन’ हा शब्द वापरतात. परिणामासाठी एक शब्द आणि अपराधासाठी दुसरा.

समासचिन्ह:

संसदेची भाषा ही सावध माणसांची भाषा आहे; तिच्यावरून रोजच्या बोलण्याचा निवाडा करता येईल का, याबद्दल मला शंका आहे. तरीही क्रियाविशेषणाचा युक्तिवाद बिनतोड आहे. मग ‘यू मिसलेड मी’ या वाक्यात जो आरोप ऐकू येतो, तो कोठून येतो?

अर्थछटा:

तो शब्दाच्या अर्थातून येत नाही, वाक्याच्या रचनेतून आणि प्रसंगातून येतो, असे मला वाटते. सजाण माणूस कर्त्याच्या जागी आणि दुसरा माणूस कर्माच्या जागी ठेवला की कृती जाणीवपूर्वक आहे, असे ऐकणारा धरून चालतो. ‘त्याने काच फोडली’ या वाक्यातही हेच होते. फोडण्याच्या अर्थात मुद्दाम फोडणे नाही, पण ‘काच फुटली’ असे न म्हणता ‘त्याने फोडली’ असे म्हटले की दोष त्याच्याकडे जातो. म्हणूनच ज्यांना दोष टाळायचा असतो ते ‘वॉज मिसलेड’ अशा कर्मणी रचनेचा आश्रय घेतात, जसा जॉन्सन यांनी घेतला. आरोप हा या क्रियापदाचा ठाम अर्थ असता, तर कर्मणी रचनेने तो पुसला गेला नसता. ‘ही वॉज डिफ्रॉडेड’ असे कर्मणीत लिहूनही कोणीतरी लबाडी केली, हे लपत नाही.

सनदशीर:

कायद्यातून एक पुरावा जोडतो. भारतीय करार अधिनियम, 1872 चे कलम 17 कपटाची व्याख्या करते आणि कलम 18 गैरनिवेदनाची. कलम 18 च्या दुसऱ्या पोटकलमात अशा कर्तव्यभंगाचा उल्लेख आहे की जो फसवण्याच्या हेतूशिवाय, दुसऱ्याचे नुकसान होईल अशा रीतीने त्याला मिसलीड करून, स्वतःला लाभ मिळवून देतो. मूळ इंग्रजीत ‘विदाउट अ‍ॅन इन्टेन्ट टु डिसीव्ह’ आणि ‘मिसलीडिंग’ हे दोन्ही एकाच वाक्यात आहेत. मसुदा करणाऱ्यांच्या मते ‘डिसीव्ह’ करण्याचा हेतू नसतानाही ‘मिसलीड’ करणे शक्य होते, याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा? ‘डिसीव्ह’ला हेतूची जोड असते, ‘मिसलीड’ला नसली तरी चालते. दीडशे वर्षांपूर्वीच्या या वाक्यरचनेत ही सीमारेषा स्वच्छ आखलेली आहे.

जुनी वही:

पहिल्या प्रश्नाकडे, म्हणजे खरेखोटेपणाकडे, कोणी वळले नाही याचे आश्चर्य वाटले, कारण त्याचे उदाहरण आपल्या हाताशीच आहे. द्रोणपर्वात भीम अश्वत्थामा नावाचा हत्ती मारतो, आणि द्रोणांनी खरे काय ते विचारल्यावर युधिष्ठिर ‘अश्वत्थामा मेला’ असे मोठ्याने सांगून ‘हत्ती’ हा शब्द ऐकू जाणार नाही असा पुटपुटतो. एकूण वाक्यात खोटे काही नाही, तरीही द्रोण शस्त्र खाली ठेवतात. जमिनीपासून चार अंगुळे वर चालणारा त्याचा रथ त्या क्षणी खाली टेकला, असे महाभारत सांगते. अर्थात शब्द खरे असल्याचा बचाव व्यासांनी मान्य केलेला दिसत नाही. हे ‘मिसलीड’चे शुद्ध उदाहरण मानावे का?

ऊहापोह:

मानावे, परंतु एका दुरुस्तीसह. ऐकूच न जाणारा शब्द उच्चारला असे मानायचे का, हा खरा प्रश्न आहे. द्रोणांपर्यंत जे वाक्य पोहोचले, तेवढेच विधान धरले तर युधिष्ठिर खोटेच बोलला असे म्हणणाऱ्याला उत्तर देणे कठीण आहे. आणि ‘अश्वत्थामा मेला’ एवढेच वाक्य हत्तीबद्दल म्हणून खरे धरले, तर ते केवळ मिसलीड करणे ठरते. म्हणजे हे उदाहरण सीमारेषेवरचे आहे.

सीमारेषेच्या अलीकडचे निःसंदिग्ध उदाहरण संत अथनेशियस यांच्या नावावर सांगितले जाते. पाठलाग करणाऱ्या सैनिकांची नाव समोरून आली आणि त्यांना न ओळखता सैनिकांनी विचारले की अथनेशियस जवळपास आहे का. ते उत्तरले की तो तुमच्यापासून फार दूर नाही. सैनिक पुढे निघून गेले. या उत्तरातला प्रत्येक शब्द खरा आहे आणि तो स्पष्ट ऐकूही गेला.

हे कसे साधते, याचे स्पष्टीकरण पॉल ग्राइस या तत्त्वज्ञाने 1967 मध्ये हार्वर्ड येथे दिलेल्या व्याख्यानांत मिळते. माणूस जे शब्दांत म्हणतो ते एक आणि त्यातून जे सुचवतो ते दुसरे. ऐकणारा असे धरून चालतो की बोलणारा त्याला उपयोगी पडेल एवढी आणि प्रस्तुत माहिती देत आहे, आणि या भरवशावर तो न बोललेला भाग स्वतः भरून काढतो. जहाजाच्या रोजनाम्यात ‘आज कप्तान शुद्धीवर होता’ अशी नोंद करणाऱ्या खलाशाची जुनी गोष्ट याच जातीची आहे. नोंद खरी आहे. इतर दिवशी तो शुद्धीवर नसतो, हे वाचणाऱ्याने स्वतःच ठरवले. मिसलीड करणारा चतुर माणूस खोटे विधान स्वतः करत नाही, ते समोरच्याकडून करवून घेतो.

यावरून तो लबाडापेक्षा कमी दोषी ठरतो का? जेनिफर सॉल या तत्त्वज्ञ विदुषीने 2012 मध्ये याचे उत्तर मोठ्या प्रमाणात नकारार्थी दिले आहे, आणि मलाही ते पटते. फसणाऱ्याला स्वतःच्या हाताने फसायला लावण्यात अधिक सौजन्य आहे, असे म्हणण्याचे काही कारण नाही.

जाता जाता: मराठीत ‘नरो वा कुंजरो वा’ हा वाक्प्रचार दिशाभुलीसाठी वापरला जात नाही, स्पष्ट भूमिका न घेता अधांतरी राहणे असा त्याचा रूढ अर्थ आहे. त्यासाठी इंग्रजीत ‘इक्विव्होकेट’ हे क्रियापद आहे. युधिष्ठिराने दोन्ही केले, आपण वाक्प्रचारात एकच ठेवले.

सनदशीर:

ऊहापोह यांचा शेवटचा निष्कर्ष नीतीला धरून आहे, पण कायदा दर वेळी तसे मानत नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा 1973 चा ब्रॉन्स्टन खटला पाहा. सॅम्युएल ब्रॉन्स्टन हे चित्रपटनिर्माते होते. त्यांच्या कंपनीच्या दिवाळखोरीच्या सुनावणीत त्यांना विचारले गेले की स्विस बँकेत तुमची खाती आहेत का. ते म्हणाले, नाही. ‘कधी होती का?’ या पुढच्या प्रश्नावर त्यांनी उत्तर दिले की कंपनीचे एक खाते झुरिकमध्ये सुमारे सहा महिने होते. दोन्ही विधाने शब्दशः खरी होती. वस्तुस्थिती अशी की जिनिव्हात त्यांचे वैयक्तिक खाते जवळजवळ पाच वर्षे होते, आणि त्या खात्यावर 1,80,000 डॉलरहून अधिक रकमेचे व्यवहार झाले होते. विचारले होते व्यक्तीबद्दल, उत्तर दिले कंपनीबद्दल, आणि ऐकणाऱ्याने मधली जागा ‘नाही’ने भरून घेतली.

खोट्या साक्षीबद्दल त्यांना खालच्या न्यायालयात दोषी धरले गेले, पण सर्वोच्च न्यायालयाने एकमताने ती शिक्षा रद्द केली. उत्तर दिशाभूल करणारे असले तरी ते शब्दशः खरे आहे. टाळाटाळ ओळखून साक्षीदाराला नेमक्या प्रश्नात पकडणे हे वकिलाचे काम आहे, असे मुख्य न्यायाधीश वॉरन बर्गर यांनी लिहिले. विशेष म्हणजे साक्षीदाराला शपथ दिली जाते ती ‘सत्य, संपूर्ण सत्य आणि सत्याशिवाय काही नाही’ अशी. मधला ‘संपूर्ण सत्य’ हा भाग नेमका अशा उत्तरांविरुद्धच आहे, परंतु खोट्या साक्षीचा गुन्हा त्याच्या आधारे सिद्ध होऊ शकला नाही.

तळटीप:

‘लाय’ आणि ‘मिसलीड’ यांतील फरक खुद्द साक्षीदारानेच न्यायालयात मांडल्याचे उदाहरणही आहे. ब्रिटिश गुप्तचर खात्यातील एका निवृत्त अधिकाऱ्याच्या आठवणींचे प्रकाशन थांबवण्यासाठी ब्रिटिश सरकार 1986 मध्ये सिडनीच्या न्यायालयात गेले, तेव्हा कॅबिनेट सचिव रॉबर्ट आर्मस्ट्राँग साक्षीला उभे होते आणि उलटतपासणी घेत होते माल्कम टर्नबुल, जे पुढे ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान झाले. एका पत्रातून चुकीचा समज निर्माण झाला, तर ते पत्र खोटे होते का, असे विचारल्यावर आर्मस्ट्राँग यांनी तो ‘मिसलीडिंग इम्प्रेशन’ आहे, ‘लाय’ नाही, असे उत्तर दिले. दोहोंत फरक काय, तर ‘लाय’ म्हणजे सरळसरळ असत्य. आणि ‘मिसलीडिंग इम्प्रेशन’ म्हणजे ‘सत्याच्या बाबतीत काटकसर’ करणे, असे त्यांनी एका जुन्या वचनाचा आधार घेत सांगितले. सत्याची काटकसर ही कल्पना एडमंड बर्क यांच्या लेखनात सापडते, पण या साक्षीनंतर इंग्रजीत ती उपहासानेच वापरली जाते. व्याख्या म्हणून आर्मस्ट्राँग यांचे उत्तर अचूक होते. बचाव म्हणून ते कोणालाच पटले नाही.

अर्थछटा:

या उत्तरांनंतर मराठी प्रतिशब्दांकडे वळता येईल. दिशाभुलीसाठी आपल्याकडे क्रियापदांची आणि वाक्प्रचारांची मुळीच वाण नाही: फसवणे, भुलवणे, चकवणे, गंडवणे, बनवणे, थाप मारणे, शेंडी लावणे, टोपी घालणे, डोळ्यांत धूळ फेकणे. अडचण अशी की ‘भुलवणे’ आणि ‘चकवणे’ वगळता या सगळ्यांत करणाऱ्याचा कावा ठसठशीत आहे, त्यामुळे हेतूबाबत मौन पाळणाऱ्या ‘मिसलीड’साठी त्यांतले एकही चालत नाही. ‘भुलवणे’त मोहाची छटा येते आणि ‘चकवणे’त हुलकावणीची.

उरते ‘दिशाभूल’. तिचे बळ नामात आहे, कारण तिला ‘करणे’ही लागते आणि ‘होणे’ही लागते. ‘मंत्र्यांनी सभागृहाची दिशाभूल केली’ हे वाक्य आरोप आहे. ‘मंत्र्यांच्या विधानामुळे सभागृहाची दिशाभूल झाली’ हे वाक्य निष्कर्ष आहे. इंग्रजी ज्या गोष्टीसाठी क्रियाविशेषण किंवा कर्मणी रचना वापरते, ती आपण सहायक क्रियापद बदलून साधू शकतो. त्यामुळे माझा प्रस्ताव असा: मूळ वाक्यात हेतू स्पष्ट असेल तर ‘हेतुपुरस्सर दिशाभूल केली’ किंवा सरळ ‘फसवले’, हेतू नाकारलेला असेल तर ‘अनवधानाने दिशाभूल झाली’, आणि मूळ वाक्य हेतूबाबत काहीच सांगत नसेल तर नुसते ‘दिशाभूल झाली’, मग कर्ता ‘-मुळे’ लावून मागे न्यावा लागला तरी चालेल. जॉन्सन यांच्या निवेदनाचे भाषांतर ‘सभागृहाची दिशाभूल केल्याची कबुली’ असे केले, तर त्यांनी न दिलेली कबुली आपण त्यांच्या तोंडी घालतो.

‘मिसलीडिंग’ विशेषणासाठी ‘दिशाभूल करणारा’ हे लांबट वाटते, पण ‘फसवा’पेक्षा ते सुरक्षित आहे. आलेखाचा उभा अक्ष शून्यापासून सुरू न केल्यास लहान फरक मोठा दिसतो; असा आलेख ‘दिशाभूल करणारा’ आहे, ‘फसवा’ आहे की नाही हे काढणाऱ्याला विचारल्याशिवाय सांगता येणार नाही.

समासचिन्ह:

‘करणे’ आणि ‘होणे’ हा भेद पटला. एकच शंका: मथळ्यात जागा कमी असते, आणि ‘-मुळे दिशाभूल झाली’ ही रचना तेथे मावत नाही. मग संपादक ‘केली’वरच येतील.

विरामचिन्ह:

‘विधानामुळे सभागृहाची दिशाभूल’ असा क्रियापद नसलेला मथळा करता येतो. मराठी मथळ्यांना क्रियापदाविना राहण्याची चांगली सवय आहे.

जुनी वही:

आणखी दोन शब्द या क्रियापदाशी गल्लत होण्याजोगे आहेत. आपल्याकडच्या इंग्रजीत ‘ही मिसगाइडेड मी’ असे सर्रास म्हटले जाते. ब्रिटिश किंवा अमेरिकी लेखनात हे क्रियापद क्वचितच भेटते. तेथे प्रचारात आहे ते ‘मिसगाइडेड’ हे विशेषण, आणि त्याचा अर्थ ज्याला फसवले गेले तो असा नसून ज्याचा विचार किंवा प्रयत्नच मुळात चुकीच्या समजुतीवर उभा आहे तो, असा असतो. दुसरा शब्द ‘लीडिंग क्वेश्चन’. तो ‘मिसलीडिंग’ प्रश्न नव्हे. जे उत्तर हवे ते प्रश्नातच सुचवणारा, म्हणजे कायद्याच्या मराठीत ‘सूचक प्रश्न’, एवढाच त्याचा अर्थ आहे, आणि उलटतपासणीत असे प्रश्न विचारण्याची मुभा असते.

ऊहापोह:

वापरातला एक व्याकरणाचा मुद्दा राहिला. ‘मिसलीड’नंतर व्यक्ती येते, विषय सांगायचा असेल तर ‘अबाउट’ येते, आणि ज्या समजुतीत किंवा कृतीत ती व्यक्ती ढकलली गेली ती सांगायची असेल तर ‘इन्टु’ आणि क्रियापदाचे ‘-इंग’ रूप येते: ‘मिसलेड देम इन्टु बिलीव्हिंग’, ‘मिसलेड हर इन्टु साइनिंग’. ‘मिसलेड देम टु बिलीव्ह’ असे पुष्कळ जण लिहितात, ते रूढ नाही. ती चूक होण्याचे कारण ‘लेड टु बिलीव्ह’ ही शेजारची रचना आहे, आणि ती पूर्णपणे शुद्ध आहे.

या शेजारच्या रचनेचा स्वभाव मात्र पाहण्यासारखा आहे. ‘आय वॉज लेड टु बिलीव्ह’ या वाक्यात ‘मिस’ हा उपसर्ग नाही, म्हणजे शब्दशः पाहता आपली तशी समजूत करून देण्यात आली एवढेच ते सांगते. तरीही सरावलेला वाचक लगेच ओळखतो की ती समजूत खोटी ठरली आहे आणि लिहिणारा नाराज आहे. तक्रारीच्या पत्रात इंग्रज माणूस ‘यू मिसलेड मी’ क्वचितच लिहितो. तो ‘आय वॉज लेड टु बिलीव्ह’ असे लिहितो आणि कर्त्याचे नाव घेण्याचे काम वाचणाऱ्यावर सोडतो. मराठीत याला ‘माझी अशी समजूत करून देण्यात आली होती’ हे वाक्य जवळजवळ त्याच तापमानाचे आहे.